लायसन्स तीन महिन्यांसाठी गेलं. थेट नागपूरला जायचं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. लहान भाऊ छोटा हत्ती, म्हणजे छोटी मालवाहू गाडी, चालवतो. सोयाबीनच्या सोंगणीत मजूर बायांना वावरात नेताना महामार्गावर पोलिसांनी गाडी अडवली, लायसन्स ठेवून घेतलं आणि हातात एक पावती दिली. पुढे आरटीओची नोटीस आली, सात दिवसांत खुलासा करा म्हणून. सोंगणीच्या धामधुमीत कोणी गेलं नाही. आता तीन महिने वाहन चालवण्यास अपात्र ठरवल्याचा आदेश आला आहे. गाडीचा हप्ता सुरूच आहे. गावात कोणी म्हणतं थेट नागपूरला हायकोर्टात जा, कोणी म्हणतं एजंटाला भेटा. काय करावं? आणि तोवर त्यानं निदान ट्रॅक्टर चालवला तर चालेल का?

भाऊ, आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देतो, कारण तिथं घोळ झाला तर पुढचं सगळं पाण्यात जाईल. चालणार नाही. आदेश सगळ्या प्रकारच्या वाहनांसाठी असेल तर ट्रॅक्टरही नाही आणि मोटारसायकलही नाही. आपल्याकडे समज आहे की स्वतःच्या वावरात कोण विचारतो. एरवी ते बरोबर आहे, लायसन्सची सक्ती सार्वजनिक जागेपुरती असते. पण अपात्र ठरलेल्या माणसासाठी मोटार वाहन कायद्याचं कलम १८२ वेगळं आहे. ते सार्वजनिक जागा म्हणतं आणि पुढे 'किंवा इतर कोणत्याही ठिकाणी' असंही म्हणतं. शिक्षा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. गाडी तुमच्या नावावर असेल आणि तुम्ही ती त्याच्या हाती दिली, तर कलम १८० खाली तुम्हीही आत येता. त्यात एखादा अपघात झाला तर विमा कंपनी भरपाईची रक्कम मालकाकडून वसूल करायला निघू शकते. म्हणून आदेशाला स्थगिती मिळेपर्यंत किल्ली घरातच राहू द्या. दुसरा लायसन्सवाला चालक ठेवा, रोजी जाईल पण गाडी तर फिरेल.

आता पोलिसांनी दिलेली ती पावती काढा. या एका कागदावरून पुष्कळ गोष्टी ठरतात, आणि बहुतेक लोक तो खिशात चुरगाळून हरवून बसतात.

कलम २०६ मध्ये लायसन्स काढून घेण्याचे दोन वेगळे रस्ते आहेत. पहिला जुना. चालक पळून जाईल, समन्स चुकवेल असं पोलिसांना वाटलं तर ते लायसन्स घेऊन कोर्टात पाठवतात. त्या बदल्यात दिलेल्या पावतीवर गाडी चालवता येते, लायसन्स परत मिळेपर्यंत किंवा पावतीवर लिहिलेल्या तारखेपर्यंत. दुसरा रस्ता २०१९ च्या दुरुस्तीनं आला, पोटकलम ४. यात पोलीस लायसन्स घेऊन कोर्टात नाही, तर लायसन्स देणाऱ्या अधिकाऱ्याकडे, म्हणजे आरटीओकडे पाठवतात, ते अपात्र किंवा रद्द करण्याच्या कारवाईसाठी. या पावतीवर गाडी चालवता येत नाही, कायद्यात तसं स्पष्ट लिहिलं आहे. दोन्ही पावत्या दिसायला सारख्याच असतात. त्यामुळे 'पावती आहे ना' म्हणून बिनधास्त फिरणारे चालक दुसऱ्या गुन्ह्यात अडकतात.

दुसरा रस्ता पोलिसांना सरसकट मोकळा नाही. त्यासाठी कलमांची ठरलेली यादी आहे: अतिवेग, धोकादायक वाहन चालवणं, दारू पिऊन चालवणं, शर्यत, असुरक्षित वाहन, दुचाकीवर तिघे, विनाहेल्मेट, रुग्णवाहिकेसारख्या वाहनाला वाट न देणं. मालवाहू गाडीत माणसं बसवणं त्या यादीत नाही. म्हणून चलनावर पोलिसांनी कोणती कलमं टाकली आहेत ते पाहा. १८४, म्हणजे धोकादायक चालवणं, टाकलं असेल तर लायसन्स घेण्याला आधार आहे. फक्त परमिटचं किंवा जादा प्रवाशांचं कलम असेल तर त्या जप्तीला पोटकलम ४ चा आधार नाही.

पण लगेच हुरळून जाऊ नका. जप्ती चुकीची ठरली म्हणून आरटीओचा आदेश आपोआप पडत नाही. कलम १९(१) खाली त्या अधिकाऱ्याला स्वतःचा अधिकार आहे. त्यातला एक आधार म्हणजे जनतेला धोका किंवा उपद्रव होईल असं कृत्य, आणि अशा कृत्यांची यादी केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ च्या नियम २१ मध्ये दिली आहे. मालवाहू गाडीत माणसं नेणं त्या यादीत आहे. क्षमतेपेक्षा जास्त माल भरणं, वेगमर्यादा ओलांडणं, गाडी चालवताना मोबाईल वापरणं, अधिकाऱ्यानं थांबण्याचा इशारा करूनही न थांबणं, हेही आहे. तेव्हा 'आरटीओला अधिकारच नाही' हा मुद्दा तुमच्या भावाच्या प्रकरणात चालणार नाही. तो चालतो तो दुसऱ्या ठिकाणी, जिथं पोलीस अधिकारीच सही करून लायसन्स निलंबित करतो. कोलकाता उच्च न्यायालयानं २०२२ मध्ये अशाच एका प्रकरणात सांगितलं की पोलीस लायसन्स घेऊन पाठवू शकतात, निलंबित करू शकत नाहीत. तो निर्णय घ्यायचा लायसन्स देणाऱ्या अधिकाऱ्यानं.

आता आदेशाचा कागद. तो कोणत्या पोटकलमाखाली काढला आहे, १९(१) की १९(१-ए), हे शोधा. पोलिसांनी पोटकलम ४ खाली पाठवलेल्या लायसन्सवर १९(१-ए) लागतं, आणि तिथं अधिकाऱ्यासमोर दोनच पर्याय असतात. एक तर चालकाला सोडून द्यायचं, नाहीतर पहिल्या वेळी तीन महिने अपात्र आणि दुसऱ्या वेळी लायसन्स रद्द. दीड महिना करा, महिनाभर करा, अशी विनंती तिथं टिकत नाही, कारण तीन महिने कायद्यानंच लिहिले आहेत. १९(१) मध्ये मात्र मुदत किती असावी हे अधिकाऱ्याच्या विवेकावर सोडलं आहे. तुमच्या भावाचं प्रकरण नियम २१ चं असेल, तर ते १९(१) मध्ये बसतं आणि मुदत कमी करण्याची मागणी करायला जागा उरते. कित्येक आदेशांत नुसतं 'कलम १९ अन्वये' एवढंच छापलेलं असतं. तेही अपिलात लिहा. कोणता अधिकार वापरला तेच आदेशात दिसत नसेल, तर विवेक वापरला हे कुठून दिसणार?

तीन महिने हा आकडा आला कुठून हेही माहीत असू द्या. रस्ता सुरक्षेसाठी सर्वोच्च न्यायालयानं २०१४ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती के. एस. राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. त्या समितीनं ऑगस्ट २०१५ मध्ये राज्यांना कळवलं की अतिवेग, सिग्नल तोडणं, दारू, मोबाईल, मालाचा ओव्हरलोड आणि मालवाहू गाडीत माणसं नेणं, या प्रकारांत लायसन्स किमान तीन महिन्यांसाठी निलंबित करा. तेव्हापासून कार्यालयांत छापील नमुनेच तयार झाले: नाव भरा, तारीख भरा, तीन महिने. तुमच्या आदेशात समितीच्या पत्राचा उल्लेख असेल आणि तुमच्या भावानं नेमकं काय केलं याबद्दल एक ओळही नसेल, तर तिथं खरा मुद्दा आहे. कायद्यानं ज्याला निर्णय घ्यायला बसवलं, त्यानं तो स्वतःच्या डोक्यानं घ्यायचा असतो. वरून कागद आला म्हणून नाही. हे तत्त्व आपल्याकडे १९५१ पासून पक्कं आहे. मुंबईच्या पोलीस आयुक्तांनी अंधेरीतल्या एका सिनेमागृहाला दिलेली परवानगी सरकारच्या सांगण्यावरून रद्द केली होती. गोरधनदास भानजी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं तो आदेश टिकू दिला नाही, कारण निर्णय आयुक्तांचा स्वतःचा नव्हता.

मात्र या मुद्द्याला किती वजन मिळेल त्याबद्दल माझं मत थोडं सावध आहे. ही समिती सर्वोच्च न्यायालयानं नेमलेली. तिला तुच्छ लेखणारी भाषा अपिलात किंवा याचिकेत आली की समोरचा माणूस सावरून बसतो. 'समितीच्या सूचना मान्य आहेत, पण त्या लागू करताना या प्रकरणाची हकीकत तपासलेली नाही', एवढंच म्हणावं. आणि एक गोष्ट मोकळेपणानं सांगतो. मजुरांनी भरलेली मालगाडी उलटते तेव्हा काय होतं हे विदर्भातल्या कोणत्याही जिल्हा रुग्णालयात विचारून पाहा. एसटी येत नाही, वावर लांब आहे, बाया दुसऱ्या कशानं जाणार, हे सगळं खरं आहे आणि मांडण्यासारखंही आहे. पण ते दोष नाकारायला वापरू नका, शिक्षा कमी करायला वापरा.

कोर्ट अशा प्रकरणांत नेमकं काय बघतं, यावर आपल्या लोकांची मोठी गैरसमजूत आहे. रिट याचिका, म्हणजे सरकारी आदेशाविरुद्ध थेट उच्च न्यायालयात केलेली मागणी, हे वरचं अपील नव्हे. गाडीत बाया चार होत्या की चौदा, वेग ऐंशी होता की साठ, यात उच्च न्यायालय सहसा शिरत नाही. ते निर्णय घेण्याची रीत तपासतं: अधिकार होता का, नोटीस दिली का, ऐकून घेतलं का, संबंधित गोष्टी पाहिल्या का, कारणं लिहिली का, आणि शिक्षा इतकी बेताल आहे का की कोणताही समजदार अधिकारी ती देणार नाही. टाटा सेल्युलर प्रकरणात १९९४ साली सर्वोच्च न्यायालयानं ही मर्यादा स्पष्ट केली आणि आजही सरकारी वकील तीच वाचून दाखवतात. म्हणून लढाईचं खरं मैदान नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधलं हायकोर्ट नाही, आरटीओतली फाईल आहे. तुम्ही तिथं जो कागद ठेवला तोच पुढे बोलतो. जो ठेवला नाही तो नागपूरच्या वकिलालाही निर्माण करता येत नाही.

इथं तुमची बाजू कमकुवत आहे, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. नोटीस मिळाली होती, कोणी गेलं नाही. 'ऐकून घेतलं नाही' ही तक्रार त्यामुळे तोंडात शोभत नाही. संधी द्यायची जबाबदारी त्यांची होती, ती घ्यायची तुमची. तरीही नोटीस पुन्हा वाचा. आरोप नेमका कोणता, घटना कोणत्या तारखेची, कोणतं कलम आणि कोणता नियम, हे तिच्यात आहे का? पोलिसांचा अहवाल सोबत जोडला होता का? सात दिवस नोटीस पाठवल्यापासून धरले होते की मिळाल्यापासून? पाकिटावरचा टपालाचा शिक्का पाहा. खेड्यात पोस्टमन आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी टपाल वाटतो, आणि पाकीट हाती येईपर्यंत मुदत संपलेली असते. असं झालं असेल तर पाकीट हाच तुमचा साक्षीदार. लायसन्सवर जुना पत्ता असेल आणि नोटीस तिकडे गेली असेल तर मात्र फार बोलता येत नाही, कारण पत्ता बदलून घेणं आपलं काम असतं.

नोटिशीचं काहीही असो, कारणांचा मुद्दा शिल्लक राहतो. हजर न राहणाऱ्यालाही कारणं मिळण्याचा हक्क आहे. कलम १९(१) म्हणतं कारणं लेखी नोंदवा, १९(१-ए) तर सविस्तर कारणं म्हणतं. 'खुलासा समाधानकारक नाही' किंवा 'खुलासा प्राप्त नाही, सबब अपात्र' ही कारणं होत नाहीत. आणि तुम्ही कोर्टात गेल्यावर कार्यालयाला शपथपत्रातून नवी कारणं जोडता येत नाहीत. १९७७ मध्ये मोहिंदर सिंग गिल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की आदेश त्यात लिहिलेल्या कारणांवरच उभा राहील किंवा पडेल. छापील नमुन्याच्या आदेशाला याहून मोठा शत्रू नाही.

आता रस्ता. कलम १९(३) प्रमाणे आदेश मिळाल्यापासून तीस दिवसांत राज्याच्या नियमांत ठरवून दिलेल्या अपिलीय अधिकाऱ्याकडे अपील करता येतं. तीस दिवस आदेशावरच्या तारखेपासून नाही, मिळाल्याच्या तारखेपासून. अपील कोणाकडे आणि फी किती, हे कार्यालयात विचारा, आणि तोंडी उत्तरावर न थांबता अर्ज देऊन लेखी घ्या. आवक विभागाचा शिक्का असलेली पोच स्वतःकडे ठेवा. सोबत दुसरा अर्ज करा, प्रमाणित प्रतींसाठी: पोलिसांचा अहवाल, चलन, फोटो, नोटीस पाठवल्याची नोंद, फाईलवरची टिपणी. माहिती अधिकार वापरावा असं बरेच जण सुचवतात, पण त्यात तीस दिवस जातात आणि तुमची अपिलाची मुदतही तेवढीच आहे.

अपील दाखल झालं म्हणून आदेश थांबत नाही. स्थगितीचा अर्ज वेगळा द्यावा लागतो, आणि तो त्याच दिवशी द्यावा. त्यात हप्त्याची पावती, बँकेचं पत्र, घरात कमावता कोण, याआधी एकही चलन नाही, हे सगळं जोडा. आणखी एक मागणी आवर्जून करा, जी मला अपिलांत क्वचित दिसते. कायदा अधिकाऱ्याला सगळ्या वर्गांच्या वाहनांसाठी किंवा त्यांतल्या काही वर्गांसाठी अपात्र ठरवण्याची मुभा देतो. गुन्हा मालवाहू गाडीचा आहे. तेव्हा मुख्य मागणी आदेश रद्द करण्याची, ते नाहीच जमलं तर मुदत कमी करण्याची, आणि तेही नाही तर अपात्रता परिवहन वाहनापुरती ठेवण्याची. एवढं जरी मिळालं तरी रब्बीच्या पेरणीत ट्रॅक्टर चालेल आणि पोराला शाळेत सोडायला मोटारसायकल चालेल. शेतकऱ्याच्या घरी याची किंमत काय आहे ते अधिकाऱ्यालाही कळतं, फक्त कोणी मागायला हवं.

थेट उच्च न्यायालयात कधी जावं? नियम असा की कायद्यानं अपील दिलं असेल तर आधी ते वापरा. १९९८ च्या व्हर्लपूल प्रकरणातले अपवाद वकील मंडळी तोंडपाठ म्हणतात: मूलभूत हक्काचा भंग, नैसर्गिक न्यायाचा भंग, अधिकारच नसताना काढलेला आदेश, किंवा कायद्याच्या वैधतेलाच आव्हान. नोटीसच नाही, सुनावणीच नाही, किंवा सही भलत्याच अधिकाऱ्याची, अशी प्रकरणं थेट चालतात. तुमचं त्यात बसत नाही. तुम्ही आज थेट गेलात तर 'अपिलाचा मार्ग उपलब्ध' या एका वाक्यावर परत याल आणि तोवर तीसपैकी बरेच दिवस गेलेले असतील.

पण अपील घेऊन अधिकारी नुसता बसून राहिला तर गोष्ट वेगळी. आदेशच तीन महिन्यांचा, आणि अपिलाची तारीख दोन महिन्यांनंतरची, म्हणजे अपील कागदावरच राहिलं. अशा वेळी नागपूर खंडपीठात अगदी छोट्या मागणीची याचिका करता येते: स्थगितीचा अर्ज अमुक दिवसांत निकाली काढा, तोवर आदेशाची अंमलबजावणी थांबवा. विदर्भातल्या अकराही जिल्ह्यांसाठी हेच खंडपीठ आहे. छोटी मागणी न्यायालयाला मान्य करायला सोपी जाते. आणि अपिलात विरुद्ध निकाल लागला तरी घाबरू नका. कायदा अपिलीय अधिकाऱ्याचा आदेश अंतिम म्हणतो, पण त्यानं संविधानाच्या अनुच्छेद २२६ खालचा उच्च न्यायालयाचा अधिकार संपत नाही.

जिंकलात तर काय मिळेल याचीही कल्पना ठेवा. कारणं नाहीत म्हणून आदेश रद्द झाला, तर बहुतेक वेळा प्रकरण पुन्हा सुनावणीसाठी त्याच अधिकाऱ्याकडे परत जातं. तो नीट नोटीस देऊन, ऐकून, कारणं लिहून तीच शिक्षा देऊ शकतो. मग एवढा खटाटोप कशाला? दोन कारणांसाठी. पहिलं, मधल्या काळात गाडी चालते. दुसरं जास्त महत्त्वाचं: चालकाच्या नोंदीवर हा आदेश राहिला, तर पुढच्या वेळी पोलिसांनी यादीतल्या कलमाखाली लायसन्स पाठवलं की हाच आदेश त्याच्यासमोर ठेवतील. तिथं दुसऱ्या गुन्ह्याला तीन महिने नसतात, लायसन्स रद्दच होतं. गाडीवर पोट असलेल्या माणसानं तीन महिने निघून गेले तरी अपील सोडू नये असं मी सांगतो ते यासाठी.

एजंटाबद्दल. कार्यालयाबाहेर टपरीवर टाइप केलेला एक कागद मिळतो: 'माझ्याकडून चूक झाली, पुन्हा होणार नाही, आपण द्याल ती शिक्षा मान्य'. साहेब सोडतील म्हणून चालक सही करतो. साहेब सोडत नाहीत आणि तो कागद फाईलला कबुली म्हणून लागतो. मग अपिलात काय मांडणार? असा कागद आधीच दिला गेला असेल तर वकिलाला पहिल्याच भेटीत सांगा, लपवू नका. तसंच दंडाचं. चलन भरलं, प्रकरण मिटलं, असं सगळे समजतात. तडजोडीनं दंड भरला की फौजदारी बाजू मिटते हे खरं, पण २०१९ पासून कलम २०० मध्ये स्पष्ट आहे की त्यानं लायसन्सवरची २०६(४) ची कारवाई संपत नाही. शिवाय पुढच्या वेळी तो आधीचा गुन्हा म्हणून मोजला जातो. दंड भरू नका असं मी म्हणत नाही, पण पावती दाखवून लायसन्स परत मागायला जाऊ नका.

वर्धा आणि गडचिरोली या दारूबंदीच्या जिल्ह्यांतून येणाऱ्या प्रकरणांत एक वेगळी गुंतागुंत असते, म्हणून दोन ओळी. दारू पिऊन गाडी चालवण्याच्या कलम १८५ ची मर्यादा शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅम आहे. दारूबंदी कायद्याखाली दारू प्यायल्याचं अनुमान मात्र ०.०५ टक्क्यांवर, म्हणजे पन्नास मिलिग्रॅमवर येतं. एकाच माणसावर दोन्ही गुन्हे लावतात आणि आदेशात कोणता अहवाल कशासाठी वापरला याची सरमिसळ होते. अहवाल मागवून आकडा बघितल्याशिवाय खुलासा लिहू नका. गाडीत दारूच्या पेट्या सापडल्या असतील तर प्रश्न पिण्याचा राहत नाही. दखलपात्र गुन्ह्यात वाहन वापरलं हा कलम १९(१) चा स्वतंत्र आधार लागतो, आणि ती लढाई खूप जड आहे.

अपघाताच्या गुन्ह्यात नुसता एफआयआर झाला म्हणून लायसन्स गेलेल्या चालकांचीही विचारणा येत असते. तिथं कायद्याचं कलम २१ वाचा, वर आलेला नियम २१ नव्हे. आपोआप सहा महिने निलंबन तेव्हाच, जेव्हा चालकाला आधी धोकादायक चालवण्याबद्दल शिक्षा झालेली असते आणि नव्या घटनेत मृत्यू किंवा गंभीर दुखापत असते. पहिल्याच अपघाताला, दोष सिद्ध होण्याआधी, तेवढ्याच एफआयआरवर लायसन्स काढून घेणं टिकत नाही असं मद्रास उच्च न्यायालयानं बसचालकांच्या प्रकरणांत वारंवार म्हटलं आहे. आपल्याकडे ते निर्णय बंधनकारक नाहीत, पण वाचून दाखवता येतात. आणि अपात्रता आरटीओनं नाही तर शिक्षा देताना न्यायालयानं ठरवली असेल, तर हा सगळा रस्ता लागू नाही. ते अपील वरच्या न्यायालयातच.

सहा महिन्यांहून मोठ्या मुदतीचे आदेश झालेल्यांना आणखी एक दार आहे. कलम २३ प्रमाणे आदेशाला सहा महिने झाले की ज्यानं आदेश दिला त्याच्याकडेच तो मागे घ्यावा किंवा बदलावा असा अर्ज करता येतो. फेटाळला तर पुढचा अर्ज तीन महिन्यांनी. तुमच्या भावाला याचा उपयोग नाही.

खर्चाची काळजी असेल तर आधी तालुका विधी सेवा समितीत जा. अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला आणि महिलेला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, इतरांना उत्पन्नाच्या मर्यादेत. नागपूरच्या याचिकेसाठी उच्च न्यायालयाची स्वतंत्र विधी सेवा उपसमिती आहे. गाडी घरातल्या बाईच्या नावावर असली तरी लायसन्स भावाचं आहे, म्हणून अर्जदार तोच असेल. ही युक्ती बरेच जण विचारतात, ती चालत नाही.

उद्या सकाळी वकिलाकडे जाताना हे न्या: पोलिसांची पावती, चलन, नोटीस आणि तिचं पाकीट, आदेश आणि त्याचं पाकीट, लायसन्सची छायाप्रत किंवा डिजिलॉकरमधली प्रत, गाडीचं आरसी, परमिट, विमा आणि हप्त्याचं खातं. लायसन्स अजून भावाकडे असेल तर ते कार्यालयात जमा करून पोच घ्या, कायदा आदेशानंतर ताबडतोब जमा करा म्हणतो. न जमा करता अपिलात सहानुभूती मागणं वाईट दिसतं. मुदत संपल्यावर लायसन्स परत मिळण्याआधी उजळणी प्रशिक्षण पूर्ण करावं लागतं, तर त्याची चौकशी आताच करून ठेवा, शेवटच्या आठवड्यात नाही.

आणि स्थगिती मिळाली किंवा आदेश रद्द झाला, तर त्याच दिवशी प्रमाणित प्रत काढून आरटीओत अर्जासोबत द्या आणि सारथी या लायसन्सच्या संगणक प्रणालीतली नोंद बदलली का ते स्वतः तपासा. कार्यालय ती आपणहून बदलेल या भरवशावर राहू नका. नोंद जुनीच राहिली तर चौकातल्या पोलिसाच्या मशीनवर लायसन्स निलंबितच दिसतं, आणि कोर्टाचा आदेश घरी कपाटात असतो. प्रत गाडीत ठेवा, एक फोटो मोबाईलमध्ये.